वाघिणीचे दूध आणि तीन चिंचोके

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती बहुधा एखाद्या हलक्याफुलक्या विषयाच्या निमित्ताने. दिवाळी अंकात मात्र संपादकांनी जागा सढळ हाताने दिली आहे. तेव्हा या खेपेस एक जुने देणे फेडावे असे मनात आहे. देणे पैशांचे नव्हे. मास्तराकडे कोणी उसने मागत नाही आणि मास्तराला कोणी उसने देतही नाही. हे देणे एका वाक्याचे आहे.

गोष्ट 1996 सालची. कुहीला मी आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असे. कुही म्हणजे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, नागपूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर. मुलूख मिरचीचा. हंगामात कुही-मांढळच्या वाटेने एस. टी.तून जाताना खिडकी लावून घेतली तरी नाकाला झणका बसल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी वर्गाला माझा प्रश्न होता, "व्हॉट इज युवर फादर?" बाप काय काम करतो हे विचारण्याची आम्हा मास्तरांची ही पिढीजात तऱ्हा. एकेक मूल उभे राही, "माय फादर इज अ फार्मर" म्हणे आणि सुटल्यासारखे खाली बसे. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला ठरावीक उत्तर द्यावयाचे नव्हते. तिचे वडील मिरची पिकवीत, तेच तिला सांगावयाचे होते. मोठ्या उमेदीने ती म्हणाली, "माय फादर इज चिली."

आणि मी म्हणालो, "अस्सं? मग आई काय, टोमॅटो?"

वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. आपण विनोदी शिक्षक आहोत असा मला तेव्हा थोडा अभिमान होता. मुलगी खाली बसली. त्या दिवसापासून तिचे नाव 'चिली' पडले. दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडले नाही. दहावीला ती एकाच विषयात राहिली. विषय कोणता हे सांगावयास नकोच. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

मला हे सारे ठाऊक नव्हते, असे नाही. पण वर्गात 44 मुले. कोण बोलते आणि कोण बोलत नाही याचा हिशेब ठेवतो कोण? शिवाय तिचे वाक्य चुकले होते, हे तर खरेच. माझा प्रश्नच चुकीच्या इंग्रजीत होता, 'व्हॉट इज' असे विचारल्यावर तिने 'इज'ने उत्तर दिले यात तिचा काही दोष नव्हता, हे माझ्या ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर.

2024 च्या जून महिन्यात काही कामासाठी कुहीला गेलो होतो. बसस्टँडवर एक बाई पुढे झाली, वाकून नमस्कार केला. ओळख पटली नाही. तिनेच सांगितले, "मी चिली, सर." म्हणताना ती हसली. मला मात्र हसू आले नाही. हंगामात ती मिरचीच्या सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे जेथे बायका ओळीने बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात ती जागा. तिची मुलगी नववीत होती. इंग्रजीत मार्क बरे पडत होते, पण बोलावयाचे म्हटले की दातखीळ बसे. बाईचे एकच म्हणणे होते, "माह्या पोरीले तरी बोलता आलं पायजे, सर. माह्यासारखी मुकी नोको राहाले."

नागपूरला परतताना गाडीत मी हिशेब मांडीत बसलो. आईच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. 2000 साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आईला इंग्रजी भेटले दहाव्या वर्षी, लेकीला सहाव्या. आई तीन वर्षे शिकून मुकी झाली, लेक आठ वर्षे शिकून मुकी. वर्षे वाढली, पुस्तके रंगीत झाली, जीभ काही सुटली नाही. तोंडी परीक्षेचेही तेच. दहावीला भाषा विषयांत तोंडी परीक्षा धरून शाळेच्या हातचे 20 गुण असत. ते 2018-19 या वर्षी काढून टाकले गेले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर उतरला. मोठी ओरड झाली आणि गुण परत आले. गुण परत आले हे बरेच झाले. पण त्या 20 गुणांसाठी किती मुलांनी खरोखर तोंड उघडले असेल, याचे उत्तर आम्ही शिक्षकांनी आपापल्या मनाशी द्यावे.

आता दुसरा हिशेब पाहा. तास 35 मिनिटांचा. त्यातली 20 मिनिटे मास्तर बोलणार, कारण त्याला पोर्शन पुरा करावयाचा असतो. उरली 15. वर्गात मुले 44. प्रत्येकाला बोलण्याची पाळी द्यावी म्हटले तर एकेकाच्या वाट्याला 20 सेकंद येतात. 20 सेकंदांत मूल उभे राहते, बाक सरकवते आणि घसा साफ करते. पण तीच 44 मुले चार-चारांच्या 11 गटांत बसवली तर? त्याच 15 मिनिटांत एकेकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटे येतात. नवा शिक्षक नको, नवे पुस्तक नको, सरकारी ठराव नको. नुसती बाके फिरवावयाची.

हिशेब इतका सोपा होता की मी लगेच निरोप धाडला. जुलैपासून दर रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात मुले जमू लागली. आठवी-नववीची सोळा मुले-मुली, त्यांत बाईची लेकही. आणि पहिल्याच रविवारी मी पुन्हा माझी जुनी चूक केली. म्हटले, एकेकाने पुढे या आणि इंग्रजीतून आपली ओळख करून द्या. सोळापैकी चौघे आले. चौघेही एकच पाठ केलेले सहा ओळींचे भाषण म्हणून गेले. बाकीचे बारा जण खांबांची शोभा पाहत राहिले.

त्यांत एक मुलगा होता. त्याचा आवाज म्हणजे नगारा. आमच्या पूर्व विदर्भात भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते, खडी गंमत होते. हा पोरगा दंडारीत हजार माणसांपुढे नाचतो, गातो, सोंग आणतो. इंग्रजीत नाव सांगताना मात्र त्याचे पाय लटपटत होते. मी विचारले, "अरे, तिथं भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "तिथं सारे संगं असते जी."

तिथे सारे बरोबर असतात! तीस वर्षे मी मुलांना एकटे उभे करीत होतो आणि ती धीट का होत नाहीत याचे आश्चर्य करीत होतो. दंडारीत पोर आधी कोरसमध्ये उभे राहते. सगळ्यांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळलेला असतो, चुकला तरी कळत नाही. मग एखादी ओळ मिळते, मग एखादे छोटे सोंग, आणि मग कधीतरी दोन-तीन वर्षांनी तो मधोमध येतो. आम्ही इंग्रजीच्या तासाला पहिल्याच दिवशी त्याला मधोमध ढकलतो, आणि तेही परक्या बोलीत.

ही लाज काही आपल्या मराठी माणसाचीच मिरासदारी नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात स्पॅनिश शिकणाऱ्या तरुणांचेही असेच पाय लटपटतात. हॉर्विट्झबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली ही भीती मोजण्याकरिता 33 विधानांची एक यादीच तयार केली. गंमत अशी की या भीतीवरचा एक चांगला तोडगाही त्याच ऑस्टिन शहरात, 1971 साली निघाला होता. तेथील शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात बसू लागली होती. एक अडखळला की बाकीचे फिदीफिदी हसत. एलियट अॅरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. पूर्ण धडा कोणाजवळच नाही. आता अडखळणाऱ्याला हसून चालेना. त्याचा तुकडा मिळाला नाही तर आपलाच पेपर कोरा! मुले त्याला धीर देऊ लागली, प्रश्न विचारू लागली. या पद्धतीला 'जिग्सॉ' म्हणतात.

मी तीच युक्ती कुहीच्या एस. टी.ला लावली. चार चिठ्ठ्या केल्या. एकीवर नागपूरच्या गाड्यांच्या वेळा, दुसरीवर भाडे, तिसरीवर कोणती गाडी कोठे थांबते, आणि चौथीवर अडचण: आजीला अकराच्या आत नागपूरच्या दवाखान्यात न्यावयाचे आहे, तिला फार चालवत नाही, आणि खिशात मोजके पैसे आहेत. दुसऱ्याची चिठ्ठी पाहावयाची नाही, इंग्रजीत विचारावयाचे. पाच मिनिटांत सभामंडपात असा कोलाहल माजला की पुजारीबुवा डोकावून गेले. "व्हेन बस?" "नाइन थर्टी." "हाऊ मच मनी?" "ग्रँडमदर सिट ऑर स्टँड?" व्याकरणाचा पार चेंदामेंदा झाला होता. पण सोळा तोंडे चालू होती, आणि आजी वेळेवर पोहोचावी म्हणून चालू होती. आपण इंग्रजी बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

येथे एक आक्षेप मला आधीच मान्य केला पाहिजे. मुलांनी मुलांशी चुकीचे इंग्रजी बोलावे, मग तेच पक्के होणार नाही का? हा प्रश्न साध्यासुध्या माणसाचा नाही. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत, बंगलोर-मद्रासकडे, साध्या शाळांतून एक मोठा प्रयोग केला. व्याकरण बाजूला ठेवून वेळापत्रके, नकाशे अशी कोडी मुलांना घालावयाची आणि ती सोडवता सोडवता भाषा येऊ द्यावयाची. जगभर त्या प्रयोगाचे नाव झाले. पण प्रभूंनी गट मुद्दाम टाळले. एकाची चूक दुसऱ्याला लागेल, मुलांनी शिक्षकाचे चांगले इंग्रजी ऐकले पाहिजे, असे त्यांचे मत. ते अगदीच खोटे कसे म्हणावे? मी मधला मार्ग काढला. कोडे घालताना आधी सगळ्या वर्गासमोर मी स्वतः एक नमुना सोडवून दाखवतो, लागणारे दहा-बारा शब्द फळ्यावर लिहितो. मुले बोलत असताना मी पाठीमागून हिंडतो आणि चुका वहीत टिपतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांतल्या दोन किंवा तीनच चुका, कोणाच्या ते न सांगता, फळ्यावर मांडतो आणि सगळे मिळून दुरुस्त करतो. चूक सर्वांची, नाव कोणाचेच नाही.

दुसरी अडचण म्हणजे गटातला बोलघेवडा. प्रत्येक गटात एक असतोच. त्याला बोलू दिले तर बाकीचे सुखाने गप्प बसतात. त्यावर चिंचोक्यांचा उपाय सापडला. प्रत्येकाला तीन चिंचोके. एक वाक्य बोलले की एक चिंचोका मध्ये टाकावयाचा. तीन संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत तोंडाला कुलूप. बोलघेवड्याचे चिंचोके अर्ध्या मिनिटात संपतात आणि मग तो बिचारा इतरांना "बोल ना, बोल ना" म्हणून विनवू लागतो. त्याच्याइतका चांगला शिक्षक मी जन्मात झालो नाही.

आणखी एक गोष्ट शिकलो. आठ जणांचा गट करू नये. त्यात तिघे बोलतात आणि पाच जण छत पाहतात. चार हा आकडा चांगला. आणि काय बोलावयाचे याची खलबते मराठीत करू द्यावीत. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली माणसे. प्रत्येक वाक्य मनात मराठीत मांडून मग तोलून-मापून इंग्रजीत उतरवावयाची सवय. मुलांनी ते ओझे चौघांत वाटून घेतले तर कोणाच्याच मानेवर फार येत नाही.

सप्टेंबरात बाईच्या लेकीने पहिल्यांदा आपणहून चिंचोका टाकला. खेळ 'आमच्या घरची कामे' असा होता. तिला आईचे काम सांगावयाचे होते. देठाला इंग्रजी शब्द येईना. गटात खलबत झाले. शेवटी ती म्हणाली, "माय मदर कट्स द टेल ऑफ द चिली." मिरचीचे शेपूट! गट हसला, पण ती स्वतःही हसत होती, आणि लगेच दुसरा चिंचोका टाकून म्हणाली, "ऑल डे." मिरचीला शेपूट असते हे मला पटले. 'स्टॉक' हा शब्द मी शेवटी फळ्यावर लिहिला, पण घाई केली नाही.

पुढे आम्ही चौघा-चौघांचे वाटाडे केले. आमच्याच तालुक्यात वैनगंगेकाठी अंभोरा आहे, नद्यांचा संगम आहे, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. पाहुणा आला असे समजून एकाने नदी सांगावयाची, दुसऱ्याने देऊळ, तिसऱ्याने 2024 साली खुला झालेला केबलवर तोललेला नवा पूल, आणि चौथ्याने मुकुंदराज. शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 मध्ये मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला. तो अंभोऱ्यास रचला असे आमच्याकडे मानतात. अंबेजोगाईकर तो मान आपल्याकडे घेतात, तो वाद पंडितांवर सोपवू. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की ब्रह्मविद्येसारखा विषय संस्कृतातच सांगावा अशी रीत असताना त्यांनी तो मराठीत सांगितला. त्या काळी शहाण्यांच्या सभेत मराठी बोलताना कोणाला संकोच वाटत असेल, जसा आज आमच्या मुलांना इंग्रजी बोलताना वाटतो. भाषा थोर किंवा हलकी नसते. तिच्या दारात उभे राहणारे पहारेकरी तिला तसे करतात. मीही एक पहारेकरीच होतो.

तुमच्या घरची मुले कदाचित इंग्रजी माध्यमात असतील आणि तुम्ही म्हणाल, आम्हाला याचे काय? पण परवाच एका सुशिक्षित घरी पाहिले. आल्या-गेल्यासमोर पोराला उभे करून "अंकलना पोएम म्हणून दाखव" चालले होते, आणि पोर पडद्याचे टोक चावीत होते. या दिवाळीत चुलत, मामे, आते अशी सगळी भावंडे जमतील. कोणी मराठी शाळेतली, कोणी इंग्रजी. त्यांना कोणासमोर उभे करू नका. चौघांना चार चिठ्ठ्या द्या: एकीवर चिवड्याचे सामान, एकीवर भाव, एकीवर कृती, एकीवर पाहुण्यांची संख्या आणि कोणाला तिखट चालत नाही ते. तीन-तीन चिंचोके हातावर ठेवा आणि म्हणा, इंग्रजीत ठरवा, किती चिवडा करावयाचा. मग आपण मोठ्या माणसांनी दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे. कान द्यावा वाटला तर द्या, पण जीभ देऊ नका. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणतात. वाघीण समोर उभी असताना ते कोणाच्या घशाखाली उतरणार?

आता ते देणे. 2024 च्या दिवाळीआधीच्या रविवारी एका गटात एक मुलगी आली नव्हती. लेकीला न्यायला बाई आली होती, खांबाशी उभी होती. मुलींनी तिला हाताला धरून चौथी म्हणून बसवले. "मले कायचं येते?" म्हणत ती बसली. खेळ होता आपल्या आई-वडिलांविषयी सांगण्याचा. तिच्या हातावर तीन चिंचोके ठेवले. दोन फेऱ्या ती गप्पच होती. मुली थांबल्या. कोणी घाई केली नाही. मग तिने एक चिंचोका हळूच मध्ये ठेवला आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "माय फादर... ग्रो चिली."

'ग्रो'ला 'एस' लागतो. तीस वर्षांची सवय, तो 'एस' माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. मी तो गिळला. लेकीने विचारले, "हाऊ मच चिली?" बाईने दुसरा चिंचोका टाकला. "मेनी," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पसरून ढीग केवढा तो दाखवला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिला एवढेच सांगावयाचे होते.

ही दिवाळी आपणा सर्वांस सुखाची जावो. चिंचोके जपून ठेवा, सुट्टीत लागतील.